देवराईतल्या ओढ्यासाठी दहापट भिंग

सदाशिव पेठेतल्या प्रयोगशाळा-साहित्याच्या एका दुकानातून घेतलेले दहापट ट्रिप्लेट भिंग मी गेले दोन पावसाळे मुळशी आणि वेल्ह्याकडच्या देवरायांत वापरत असून, ओढ्याकाठची मॉस आणि लिव्हरवर्ट या ओलाव्यात वाढणाऱ्या, फुले न येणाऱ्या इवल्या हिरव्या वनस्पती पाहण्यासाठी ते निःशंकपणे घ्यावे, असे माझे मत झाले आहे.

त्याआधी दुसरीकडून ‘तीसपट’ असे छापलेले भिंग घेतले होते. ते पैसे वाया गेले. पट वाढली की भिंग वस्तूच्या अधिक जवळ न्यावे लागते. दहापटीला साधारण अडीच सेंटिमीटर अंतर मिळते, तीसपटीला एक सेंटिमीटरही नाही, आणि देवराईतल्या मंद उजेडात तेवढ्या फटीत अंधारच दिसतो. शिवाय ट्रिप्लेटमध्ये तीन काचा एकत्र जोडलेल्या असल्यामुळे कडेला रंगांची झालर उमटत नाही. पानाची मधली शीर शोधताना हे फार उपयोगी पडते, कारण मॉसच्या पानाला ती बहुधा असते, तर पाने असलेल्या लिव्हरवर्टला नसते. नुसत्या डोळ्यांना दोन्ही ‘शेवाळ’च वाटतात.

सप्टेंबरच्या अखेरीस ओढ्याच्या मातीच्या दरडीवर टार्जिओनिया हे पाने नसलेले, पट्टीसारखे लिव्हरवर्ट दिसले. वरून हिरवी पट्टी, तिच्यावर फिकट ठिपक्यांसारखी हवेची छिद्रे. टोक नखाने अलगद उचलले, तर खाली काळा, चकचकीत, दोन शिंपांचा जणू शिंपलाच, ज्याच्या आत बीजाणूंची कुपी वाढते. शेजारच्या दगडावरच्या मॉसच्या कुपीचे झाकण गळून पडले होते आणि तिच्या तोंडाभोवतीचे बारीक दात माझ्या श्वासाच्या ओलीने हळूहळू वळत होते. ते पाहत मी बराच वेळ दगडावर पालथा पडून होतो. देवराईतून वाळकी काडीही न्यायची नाही, ही गावाची रीत या भिंगामुळे सहज पाळता येते.

उणिवाही आहेत. बिजागरीचा स्क्रू पहिल्याच पावसाळ्यात सैल झाला. सोबतची चामडी पिशवी भिजली की बुरशी धरते, त्यामुळे घरी आल्यावर भिंग पुसून कोरड्या डबीत ठेवावे लागते. दोरी मिळत नाही. लाल गोफ स्वतःच बांधून घ्यावा, कारण ओढ्यात पडलेले भिंग दगडांत दिसत नाही. पहिल्यांदा वापरणाऱ्याने भिंग डोळ्याजवळ स्थिर धरावे आणि मान खाली नेत जावी.