थ्रीडी प्रिंटरचा कनेक्टर वितळला आणि कस्टमर केअरने मुदत संपवली

ऑनलाइन घेतलेल्या थ्रीडी प्रिंटरच्या बेडचा, म्हणजे ज्यावर वस्तू छापली जाते त्या तापणाऱ्या प्लेटचा, कनेक्टर तापून पिवळा पडला, मग काळवंडला. तक्रार पहिल्याच आठवड्यात केलेली. प्रिंटर बदलून द्यायची मुदत सात दिवसांची होती, ती विक्रेत्याच्या कस्टमर केअरने गोड बोलत उलटू दिली. पुढे वॉरंटीही नाकारली, आणि कारण दिलं ते त्यांच्याच सांगण्यावरून केलेल्या दुरुस्तीचं. हीच पद्धत इतरांवरही वापरली जाईल, म्हणून सगळं तपशिलात लिहितो आहोत.

आधी दोष समजून घ्या, कारण तो नीट मांडता आला नाही की टोलवाटोलवी सोपी होते. २३५ बाय २३५ मिलिमीटरचा २४ व्होल्टचा बेड साधारण २२० ते २५० वॉट खातो, म्हणजे कनेक्टरमधून ९-१० अँपिअर जातात. जोडात ०.०५ ओहम रोध असला तरी १० अँपिअरला तिथे ५ वॉट उष्णता तयार होते, तीही नखाएवढ्या जागेत. तापल्यावर जोड आणखी सैल होतो, रोध वाढतो, उष्णता वाढते. मूळ बहुतेक वेळा दोन ठिकाणी असतं. एक, कनेक्टरच्या मागचं सोल्डर कच्चं. दोन, मदरबोर्डच्या स्क्रू टर्मिनलमध्ये तारेच्या टोकाला कथिल लावून ती आवळलेली. कथिल मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू ढिला पडतो. तिथे फेरूल, म्हणजे तारेच्या टोकावरची धातूची छोटी नळी, दाबून बसवायला हवी. दोन्ही दोष कारखान्यातले आहेत, वापरणाऱ्याचे नाहीत.

कस्टमर केअर पहिल्यांदा सांगतं, “मल्टिमीटरवर कंटिन्युइटी बघा,” म्हणजे तार कुठे तुटलेली नाही ना, ते तपासा. बीप वाजतो, आणि लगेच उत्तर येतं की वायरिंग ठीक आहे. या चाचणीला काहीच अर्थ नाही. साध्या मल्टिमीटरच्या प्रोबच्या तारांचाच रोध या दोषापेक्षा जास्त असतो. खरी चाचणी बेड तापत असतानाची. मीटर डीसी २ व्होल्टवर ठेवा, एक प्रोब कनेक्टरच्या एका अर्ध्या भागाच्या सोल्डरवर, दुसरा त्याच तारेच्या पलीकडच्या सोल्डरवर. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्ट दिसतात. ०.३-०.५ व्होल्ट दिसले तर जोड खराब आहे, मीटरचा फोटो काढून ठेवा. हे फक्त २४ व्होल्टच्या बाजूला करायचं, पॉवर सप्लायच्या २३० व्होल्टच्या टर्मिनलजवळ प्रोब न्यायचा नाही. आणि प्लास्टिक आधीच वितळलं असेल तर प्रिंटर पुन्हा चालू करूच नका. “दोष दिसतानाचा व्हिडिओ पाठवा” असं ते म्हणतात. जळका कनेक्टर पुन्हा तापवून दाखवायला सांगणं हा सरळसरळ बेजबाबदारपणा आहे. बंद यंत्राचे फोटो पुरेसे आहेत.

मग दोन ठरलेली वाक्यं येतात. “आमच्या प्रिंटरमध्ये थर्मल रनअवे प्रोटेक्शन आहे, तो जास्त तापूच शकत नाही.” ते संरक्षण नोझल आणि बेडवरच्या थर्मिस्टरवर, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर, लक्ष ठेवतं. कनेक्टरवर थर्मिस्टर नसतो, त्यामुळे तो वितळला तरी फर्मवेअरला, म्हणजे प्रिंटरमधल्या सॉफ्टवेअरला, पत्ता लागत नाही. दुसरं वाक्य, “तुम्ही पॉवर सप्लायचा स्विच ११५ व्होल्टवर ठेवला असेल.” २३० च्या लाइनवर तसं केलं तर सप्लाय सुरुवातीलाच उडतो, प्रिंटर चार दिवस छापत बसत नाही.

सर्वात मोठा सापळा मात्र फुकट सुट्या भागाचा. “बदलून द्यायला वेळ लागेल, कनेक्टर पाठवतो, तेवढा सोल्डर करून घ्या.” हे फोनवर किंवा चॅटवर सांगतात. तेवढ्यात मुदत संपते, तिकीट ‘सॉल्व्ह्ड’ म्हणून बंद होतं. नंतर बेड पुन्हा बिघडला की उत्तर मिळतं, ग्राहकाने वायरिंगमध्ये फेरफार केला, वॉरंटी रद्द. पहिलं चॅट त्यांच्या बाजूने पुसलेलं असतं.

म्हणून पहिल्याच दिवशी ईमेल करा. ऑर्डर क्रमांक, बिल, फोटो जोडा आणि स्पष्ट लिहा: “हा उत्पादनदोष आहे, मला दुरुस्ती नको, मुदतीत बदली किंवा पूर्ण परतावा हवा.” चॅट झालंच तर स्क्रीनशॉट घ्या. खोक्यावरच्या आयातदाराच्या नाव-पत्त्याच्या लेबलचा फोटो काढा. “चीनमधल्या कंपनीशी बोला” असं म्हणत विक्रेत्याने हात वर केले की तो कामी येतो. जळालेला कनेक्टर ‘तपासणीसाठी’ कुरिअरने पाठवू नका. ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, पुरावाच हातचा गेला तर तपासणार काय?

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. त्याचं नाव आणि संपर्क विक्री करणाऱ्या साइटवर असावा लागतो, थेट त्यालाच लिहा. पुढची पायरी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

कस्टमर केअरचा नंबर सर्च करून शोधू नका, बिलावरचाच वापरा. सर्चमधल्या बनावट नंबरवरचा माणूस परताव्यासाठी स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला किंवा यूपीआय पिन घालायला सांगतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

आणि शेवटी विक्रेता कूपन देऊ करतो. सोबतच्या ईमेलमध्ये ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’ असेल तर होकार कळवू नका.