सोळा महिने निळ्या उटकटारीसोबत

बियांच्या पाकिटावर नुसतं ‘निळं थिसल’ (थिसल म्हणजे काटेरी पानांचं फुलझाड) एवढंच लिहिलं होतं. कुठल्या जातीचं, किती वाढणार, किती वर्षं टिकणार, काहीच नाही. रोपं मोठी झाल्यावर कळलं की हे एकिनॉप्स रिट्रो, म्हणजे ग्लोब थिसल. रानातली उटकटारी ज्यांनी पाहिली असेल त्यांना ओळख लगेच पटेल; ही तिचीच निळी बहीण. नशीब माझं. त्याच नावाखाली ओनोपोर्डम निघालं असतं, तर दोन मीटरहून उंच काटेरी खांब वाफ्यात उभा राहिला असता. थिसल घेताना शास्त्रीय नाव बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, हे पहिलंच सांगून टाकते. सिर्सियम आर्वेन्ससारखी काही थिसलं मुळांनी जमिनीखालून पसरतात आणि मग बाग त्यांचीच होते.

बारा बिया टाकल्या, नऊ उगवल्या, साधारण अडीच आठवड्यांत. पहिली दोन पानं इतकी गुळगुळीत आणि निरागस की काट्यांवर विश्वासच बसेना. पाचव्या-सहाव्या पानाला खरं रूप दिसलं. वरून गडद हिरवं, खालून पांढरी लव, आणि कातरलेल्या प्रत्येक टोकाला एक सुई. पहिलं वर्ष फक्त पानांचा झुबका. फूल नाही, दांडा नाही. घरी आलेल्या काकू म्हणाल्या, “अगं, एवढी चांगली उन्हाची जागा काट्यांना दिलीस?” माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

चूक मी केली ती लाडाची. एका टोकाच्या तीन रोपांना भरपूर कंपोस्ट घातलं, दिवसाआड पाणी दिलं. उरलेल्या जागी माती रेताड होती, तिथली रोपं तशीच सोडली. दुसऱ्या वर्षी दांडे आले तेव्हा फरक डोळ्यांत भरला. लाडावलेली तिन्ही उंच गेली, पानांनी भरली आणि पहिल्या वाऱ्यात आडवी झाली. काठ्या लावून बांधावी लागली. रेताड मातीतली मीटरभर उंचीची, ताठ, आधाराशिवाय उभी. सलग पावसाच्या दिवसांत लाडावलेल्यांपैकी एक बुंध्याशी सडलंही. उपटलं तर खालची माती चिखल झालेली. थोड्या कोरडेपणाने हे झाड मरत नाही, पण पाण्याचा निचरा नसेल तर मरतं. आता मी वरची माती पार सुकल्यावर, कधीतरी, पण भरपूर पाणी देते. खत बंद.

आणखी एक उद्योग केला. वाटेच्या कडेचं एक रोप येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओरबाडत होतं, म्हणून खणून मागे हलवलं. याचं सोटमूळ खोल जातं हे वाचलं होतं, पण इतकं खोल असेल असं वाटलं नव्हतं. खुरप्याने अर्ध्यात तुटलं. हलवलेलं रोप महिनाभर मान टाकून बसलं, मग कसंबसं सावरलं. गंमत म्हणजे जुन्या खड्ड्यात राहिलेल्या मुळाच्या तुकड्यातूनही कोंब आला. एकाची दोन झाडं झाली, पण वाटेवरचं ते वाटेवरच राहिलं!

आता फुलांबद्दल, कारण त्यासाठीच तर हे सगळं. आधी राखाडी-हिरवा, सुपारीएवढा कडक चेंडू येतो. मग तो पोलादी निळा होतो. आणि मग एका सकाळी वरच्या टोकाला चार-पाच इवल्या निळ्या चांदण्या उमलतात. तिथून उमलणं खाली सरकत जातं. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक चांदणी म्हणजे एक स्वतंत्र फूल. मधमाश्यांची झुंबड एवढी की चेंडू हलताना दिसतो. संध्याकाळी एक भुंगा त्यालाच चिकटून झोपलेला सापडला, सकाळीही तिथंच.

सुकवण्यासाठी मात्र चांदण्या उमलायच्या आधीच, निळा रंग चढला की कापायचे आणि अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटे टांगायचे. मी पहिली जुडी पूर्ण उमलल्यावर कापली. आठवड्याने टेबलावर नुसता भुसा.

रोगराई फारशी नाही. कोवळ्या शेंड्यांवर मावा आला, तो पाण्याच्या फवाऱ्याने गेला. काट्यांचं म्हणाल तर साधे कापडी हातमोजे निरुपयोगी, चामड्याचेच हवेत. वाळलेली पानं ओल्यांपेक्षा जास्त बोचतात आणि टोक बोटात मोडून राहतं, तेव्हा चिमटा खिशात असू द्या. लहान मुलं धावतात त्या वाटेजवळ तर लावूच नका.

काटे नको असतील तर एरिंजियम बघा, असं बरेच जण सुचवतात. ते थिसल म्हणून विकलं जातं, पण मुळात गाजर-कोथिंबिरीच्या कुळातलं. त्यातलं एरिंजियम अल्पिनम हाताला बरंच मऊ लागतं, बाकीची चांगलीच टोचतात.

दहापैकी आठ गुण. एक पहिल्या फुलाविना वर्षाबद्दल कापला, दुसरा बियांबद्दल. काही बोंडं मी हौसेने झाडावरच ठेवली होती. आता फरशीच्या फटीतही रोपं दिसताहेत. मूळ बोटभर आहे तोवरच ती उपटायला हवीत, म्हणून आज संध्याकाळी बसणार आहे. दोन मात्र काकूंसाठी खोल कुंडीत काढून ठेवली आहेत. त्यांनीच मागितलीत.