गोचिडीचा पट्टा: आठ महिने आणि कापून टाकलेले 26 सेंटिमीटर

24 जानेवारीला आमच्या तांबडी कुत्रीच्या गळ्यातला गोचिडीचा पट्टा काढला. पाकिटावर आठ महिने लिहिलं होतं, मी आठही महिने वापरला. खरं तर हे नोव्हेंबरातच लिहायला घेतलं होतं. तेव्हा इतकी चिडले होते की एका ओळीत संपलं असतं: घेऊ नका. आज तसं म्हणणार नाही. पण एक राग अजून तसाच आहे, तो आधी सांगते.

हा पट्टा 70 सेंटिमीटरचा येतो. आठ किलोच्या वरच्या सगळ्या कुत्र्यांना एकच माप. आमची तांबडी गावठी, 14 किलोची, मान 39 सेंटिमीटर. दोन बोटं जाण्याइतका सैल ठेवला, पत्रकात सांगितल्याप्रमाणे बकलाच्या पुढे दोन सेंटिमीटर शेपटी ठेवली आणि उरलेला कापला. तो 26 सेंटिमीटर भरला. मी शिवणकामाच्या टेपने मोजला. पट्ट्याची किंमत 2,850 रुपये. म्हणजे घातल्या दिवशीच 1,058 रुपयांचं औषध कात्रीखाली गेलं. आठ किलोच्या आतल्यांसाठी लहान पट्टा आहे आणि वर हा, मधलं काहीच नाही. आपल्याकडची बहुतेक गावठी कुत्री 12 ते 20 किलोंत बसतात. कुणाचीच मान लॅब्राडोरइतकी नसते. मग मधलं माप का काढत नाहीत?

तो तुकडा दुसऱ्या कुणाला वापरता येईल का, हेही विचारून झालं. शेजारच्यांचं पिल्लू दीड महिन्याचं होतं, त्याच्या गळ्यात बांधावा असं मनात आलं होतं. डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं. औषध पट्ट्याच्या रबरातच मुरवलेलं असतं, ते थोडंथोडं बाहेर येतं आणि कातडीवरच्या तेलाबरोबर अंगभर पसरतं. वय आणि वजन बघून ते बेतलेलं असतं, तुकड्याचा हिशेब तसा लागत नाही. शिवाय एवढी लहान पिल्लं समोर आलेली प्रत्येक गोष्ट चावतात. तुकडा टाकवेना म्हणून मी तो मूळ पाकिटात घालून, मुलांचा हात पोचणार नाही अशा डब्यात ठेवला. त्या पाकिटाचा पुढे उपयोग झाला, ते सांगतेच.

पट्टा का घेतला ते थोडक्यात. त्याच्या आदल्या ऑगस्टमध्ये तांबडीला टिक फीव्हर, म्हणजे गोचिडीतून येणारा ताप, झाला होता. सासूबाई सकाळी भाकरी मोडायला बसल्या की ती दाराशी येऊन बसते. त्या दिवशी आली नाही. ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पिठासारख्या पांढऱ्या, पोटावर बारीक लाल ठिपके. ताप 104.6. कुत्र्यांचा नेहमीचा ताप 101 ते 102.5 असतो, त्यामुळे हात लावून कळलंच नव्हतं, ती नेहमीच गरम लागते. रक्तात एर्लिकिया, म्हणजे त्या तापाचा जंतू, निघाला आणि प्लेटलेट 41 हजार. कुत्र्यांत साधारण दोन लाखांच्या वर हव्यात. 28 दिवस डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी, सलाईन, तीनदा रक्त. 9,400 रुपये गेले, आणि पहिले चार दिवस ती वाचते की नाही हेच कळत नव्हतं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी एवढं लक्षात ठेवा: ती गोळी रिकाम्या पोटी द्यायची नाही, उलटी होते. आणि दूध-दह्यातून द्यायची नाही, नीट लागू पडत नाही. आम्ही भाकरीच्या मऊ गोळ्यात उकडलेल्या चिकनबरोबर दिली. ताप उतरला म्हणून दहाव्या दिवशी बंद करू नका, 28 म्हणजे 28.

म्हणून यंदा पाऊस सुरू व्हायच्या आधीच, 24 मेला, पट्टा घातला.

पहिला आठवडा काहीच फरक नव्हता आणि पैसे पाण्यात गेले असं वाटलं. मग दहाव्या-बाराव्या दिवशी अंगणात वाळलेल्या गोचिड्या दिसायला लागल्या. झाडलोट करताना सुपलीत आठ-दहा तरी. जून-जुलैत साताऱ्याला किती पाऊस असतो ते इथल्यांना माहीत आहे. चार भिंती या स्मारकाकडच्या वाटेला गवत माझ्या गुडघ्याला लागतं आणि तांबडी त्यातूनच जाते. मागच्या वर्षी त्या फेरीनंतर कानात, बोटांच्या बेचक्यांत पाच-सहा तरी सापडायच्या. यंदा जून ते सप्टेंबर मिळून तीन सापडल्या, त्यातल्या दोन मेलेल्या. मला एवढी आशा नव्हती. मानेखाली केस थोडे विरळ झाले, ते महिन्याभरात भरून आले. बाकी खाज नाही, चट्टा नाही.

याचं सगळं श्रेय पट्ट्याला दिलं तर खोटं ठरेल, कारण संध्याकाळी अंग तपासायची सवय आम्ही त्याच काळात लावली. तांबडी कानाला हात लावू द्यायची नाही. धरून ठेवलं की गुरगुरायची, आणि टिक फीव्हरच्या सुयांनंतर तर जास्तच. तिला धरायचं मी बंद केलं. पडवीतल्या ट्यूबलाइटखाली चटई टाकायची, कानाला एक बोट लावायचं, ‘हां’ म्हणायचं, चिकनचा बोटाच्या पेराएवढा तुकडा द्यायचा आणि हात काढून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी दोन बोटं. ती उठून गेली तर जाऊ द्यायची. पाचव्या दिवशी तिने कान माझ्या हातात सोडून दिला. तीन आठवड्यांत पंजे उघडून बेचक्या बघू द्यायला लागली. आता साडेआठला चटई अंथरली की स्वतः येऊन आडवी पडते. मला या आठ महिन्यांत सगळ्यात जास्त आनंद याचा झाला. तुकडे मात्र तिच्या रात्रीच्या जेवणातून कमी करा, नाहीतर वजन वाढतं.

गोचीड निघाली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरायची आणि सरळ, सावकाश वर ओढायची. नखावर चिरडायची नाही, रॉकेल लावायचं नाही, काडी पेटवून चटका द्यायचा नाही. चटका दिला की ती सुटायच्या आधी पोटातलं कुत्र्याच्या रक्तात ओकते. मी स्पिरिटच्या बाटलीत टाकते. सासूबाईंकडे सीताफळाच्या बियांची पूड लावायची पद्धत आहे, आणि ती गोचिडीला लागू पडते हे मी लहानपणी पाहिलंय. पण ती पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते, आणि कुत्रं अंग झाडतं, पंजाने तोंड पुसतं. म्हणून त्यांना हात जोडून नको म्हटलं, आणि त्यांनी ऐकलं.

आता नोव्हेंबरात काय झालं ते. दिवाळीनंतर दहा दिवसांनी एका संध्याकाळी डाव्या कानात करड्या रंगाची, एरंडाच्या बीएवढी फुगलेली गोचीड. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. सहावा महिना नुकताच संपत आला होता. गेल्या वर्षीचा ऑगस्ट डोळ्यांपुढे उभा राहिला आणि मी ग्राहक सेवेला फोन लावला.

पुढचे 19 दिवस त्यात गेले. पहिल्या फोनवर विचारलं, पाकिटावरचा बॅच नंबर आहे का. होता, कारण तुकडा त्याच पाकिटात होता. तो मिळाल्यावर फोटो मागितले. फोटो दिल्यावर विचारलं, अंघोळ किती वेळा घातली. मी खरं सांगितलं: पावसाळ्यात दर रविवारी शाम्पूने, आणि ओढ्यात ती रोजच उतरते. त्यावर ‘मॅडम, मग आठ महिने धरता येणार नाहीत’ असं उत्तर. शेवटी पुढच्या खरेदीवर 200 रुपयांची सूट देऊ केली. जनावर आजारी पडेल या भीतीने माणूस फोन करतं आणि तिकडून सवलतीचा कोड येतो, हे मला फार लागलं. मी तो वापरणार नाही.

पण त्या रात्री पत्रक पुन्हा भिंग घेऊन वाचलं. महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा अंघोळ घातली तर मुदत कमी होते, हे त्यात लिहिलेलं आहे. अक्षर मुंगीएवढं आहे, तरी आहे. शाम्पू कातडीवरचं तेलच धुऊन नेतो आणि औषध त्या तेलातूनच पसरतं. माझी तक्रार निम्मी चुकीची होती. त्यांनी तो मजकूर पाकिटावर मोठ्या अक्षरात छापायला हवा होता आणि मी तो मे महिन्यात वाचायला हवा होता.

उरलेलं कारण आमच्याच भिंतीत निघालं. डॉक्टरांनी विचारलं, ही झोपते कुठे? पडवीत, विजेच्या मीटरपेटीखाली, गोणपाटावर. मग टॉर्च घेऊन तिथलं प्लास्टर बघा, म्हणाले. पेटीच्या मागे बोटभर लांबीची भेग होती. टॉर्च मारला तर आत गोचिड्या एकीवर एक बसलेल्या, आणि भिंतीवरून छताच्या दिशेने खसखशीचे दाणे चालत असावेत तशी बारीक पिल्लं. ती नुसत्या डोळ्यांना धूळ वाटतात. मी ती भिंत रोज पाहत होते.

आपण गोचीड म्हणजे कुत्र्याच्या अंगावरची गोष्ट समजतो. कुत्र्यावरची ही तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि तिन्ही वेळा पिऊन झालं की खाली उतरते. कात टाकायला उतरते, अंडी घालायला उतरते. वर चढायची सवय असल्यामुळे भिंतीच्या भेगा, दाराची चौकट, फोटोची मागची बाजू धरते. एक मादी काही हजार अंडी घालते. मोठी गोचीड महिनोन् महिने उपाशी राहू शकते. म्हणजे कुठल्याही दिवशी कुत्र्यावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त घरात असतात. आम्ही इतकी वर्षं पलीकडच्या गोठ्याला दोष देत होतो. गाई-म्हशींवरची गोचीड बहुतेक वेगळी असते, आणि तिच्यातली एक नेहमीची जात आपली वाढ एकाच जनावरावर पुरी करते. गोठेवाल्या काकांशी आम्ही यावरून बोलणं कमी केलं होतं. मी जाऊन त्यांना सांगून आले.

भेगेत उकळतं पाणी ओतलं, आठवड्याने फवारणीवाला आणला, वाळेपर्यंत तांबडीला दिवसभर माडीवर ठेवलं. गोणपाट जाळलं. अंडी फवाऱ्याने मरत नाहीत, म्हणून तीन आठवड्यांनी दुसरी फवारणी केली आणि मगच सिमेंटने भेग बुजवली. दोन्ही फवारण्यांचे मिळून 1,600 रुपये. डॉक्टरांनी त्या काळापुरती एक खायची गोळीही दिली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून आजपर्यंत एकही गोचीड नाही, आणि पट्टा तोच जुना होता. मी त्याला नोव्हेंबरात फेकून देणार होते.

पट्टा की गोळी, असं पुष्कळ जण विचारतात. महिन्याची गोळी आमच्या वजनाला साधारण 900 रुपये पडते. पट्टा महिन्याला 356, कापलेला तुकडा धरूनसुद्धा. गोळी कुत्र्याच्या रक्तातून काम करते, म्हणजे गोचीड आधी चावते आणि मग मरते. पट्ट्याचं औषध तिला कातडीवरच लागतं. टिक फीव्हर पसरायला गोचीड काही तास चिकटलेली असली तरी पुरते, म्हणून माझा कल पट्ट्याकडे. पण रोज तासन्‌तास पाण्यात पोहणाऱ्या किंवा त्वचेच्या आजारामुळे वरचेवर अंघोळ लागणाऱ्या कुत्र्याला गोळीच बरी. ज्या कुत्र्याला कधी फिट आली असेल त्याच्या डॉक्टरांना गोळीआधी ते जरूर सांगा. त्या औषधगटाबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) 2018 मध्ये झटक्यांचा इशारा दिलेला आहे. आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं कुत्र्याचं कुठलंही औषध आणू नका. मांजराचा त्यात जीव जातो.

मुलं तांबडीच्या गळ्यात हात टाकून बसतात, तेवढी एक काळजी आठही महिने वाटली. हात धुवायचा नियम केला आणि तो त्यांनी बराचसा पाळला.

मे महिन्यात पुन्हा हाच पट्टा घेणार आहे. या वेळी पावसाळ्यात शाम्पू महिन्यातून एकदाच, चिखलाचे पाय साध्या पाण्याने, आणि दर पंधरा दिवसांनी भिंतींवर टॉर्च. पण त्याआधी कुणाला मधल्या मापाचा, खात्रीच्या दुकानातला पट्टा मिळाला असेल तर कळवा. वजन 14 किलो, मान 39 सेंटिमीटर. 45 सेंटिमीटरचा पुरे.