शॅडो टीचर की वर्गाचीच घडी बदलायची?

ऑटिझम असलेल्या मुलाला नेहमीच्या शाळेत घालायचं ठरलं, शाळेनंही हो म्हटलं, की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. दिवसभर त्याच्या शेजारी बसणारी शॅडो टीचर ठेवायची, की शेजारी कोणी न बसवता वर्गच त्याला झेपेल असा करून घ्यायचा आणि विशेष शिक्षिकेला आठवड्यातून एकदोनदाच बोलवायचं? आम्ही दोन्ही करून पाहिलं. पहिलीचं पूर्ण वर्ष आणि दुसरीचे काही महिने शॅडो टीचर होत्या, त्यानंतर आजवर दुसरी पद्धत चालू आहे. मेल्टडाउन (सगळं असह्य होऊन ताबा सुटणं) आणि हट्ट यांत फरक काय वगैरे इथे सांगत बसत नाही. ज्यांच्यापुढे हा प्रश्न आहे त्यांना ते पाठ असतं.

शॅडो टीचरबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर आहे. पहिलीच्या सुरुवातीला मुलगा शाळेत टिकला तो ताईंमुळेच, म्हणजे शॅडो टीचरमुळेच. गोंगाट वाढला की त्याचे हात कानाकडे जायच्या आधी त्यांना कळायचं आणि त्या त्याला हळूच व्हरांड्यात घेऊन जायच्या. वही कुठली, पान कुठलं, रांग कधी लावायची, सगळं त्यांच्या ध्यानात. आम्हीही घरी निर्धास्त. शाळेचा फोन वाजला की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांना ही निश्चिंती काय चीज आहे ते सांगायला नको.

मग कुठे खटकलं? दुसरी नुकतीच सुरू झाली होती. घरी राहिलेली पाण्याची बाटली द्यायला मी शाळेत गेलो. चित्रकलेचा तास चालू होता, मी दाराशी थांबलो. पुढच्या बाकावरची एक मुलगी मागे वळली आणि त्याच्या डोक्यावरून म्हणाली, "ताई, त्याला निळा खडू पाहिजे का?" ताई म्हणाल्या, "हो, दे." खडू ताईंच्या हातात आला, ताईंनी तो त्याच्या हातात दिला. मुलगी परत वळून बसली. एवढंच घडलं. कोणीही वाईट वागलं नव्हतं. पण तो त्या खडूकडेच बघत होता, आणि 'पाहिजे' हा शब्द त्याला येतो. घरी दिवसातून वीस वेळा म्हणतो. त्याला कोणी विचारलंच नाही.

एकदा हे दिसलं आणि मग सगळीकडे तेच दिसायला लागलं. वर्गशिक्षिका विचारायच्या, "ताई, त्याचं लिहून झालं का?" मधल्या सुट्टीत मुलं विचारायची, "ताई, तो खेळणार आहे का?" त्याच्याविषयीचा प्रत्येक प्रश्न त्याला वळसा घालून जायचा. मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना सात वर्षांची मुलं कुजबुजत नाहीत, खोड्या काढत नाहीत, खोडरबर पळवत नाहीत. मैत्री तर तिथूनच सुरू होते. आणि ज्या दिवशी ताई आजारी, त्या दिवशी शाळेचा निरोप यायचा, "आज पाठवू नका." म्हणजे वर्गात जागा नक्की कोणाची होती, हा प्रश्न मला छळायला लागला.

यात ताईंचा दोष नाही, हे मनापासून सांगतो. त्यांनी जीव लावून काम केलं. अडचण खुर्चीच्या जागेत आहे. आणि ती आमच्यापुरती नाही. अमेरिकेतले शिक्षण-संशोधक मायकल जियानग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये वर्गातल्या साहाय्यकांविषयी नेमकं हेच लिहिलं होतं: मोठं माणूस सतत जवळ असलं की वर्गशिक्षक मुलाची जबाबदारी अलगद सोडून देतात, मूल सोबत्यांपासून तुटतं आणि दर पावलाला इशाऱ्याची वाट बघायला लागतं. ब्रिटनमधले शिक्षण-संशोधक पीटर ब्लॅचफर्ड यांच्या गटाने इंग्लंड आणि वेल्समधल्या शाळांचा २००३ ते २००८ असा दीर्घ अभ्यास केला. साहाय्यकांची मदत जास्त मिळालेल्या मुलांची अभ्यासातली प्रगती, तशाच पण कमी मदत मिळालेल्या मुलांपेक्षा कमी दिसली. तो अभ्यास फक्त ऑटिझमविषयी नव्हता, त्यामुळे जसाच्या तसा लावू नये. पण वाचताना मला तो निळा खडू आठवला.

दुसऱ्या पद्धतीत सामान फार लागत नाही. बाकाच्या कोपऱ्यावर चित्रांचं वेळापत्रक, तास संपला की ते चित्र काढून 'झालं'च्या पाकिटात. काम डावीकडून उजवीकडे, किती करायचं आणि कधी संपणार हे डोळ्यांना दिसेल असं. ही मांडणी नवी नाही. मानसशास्त्रज्ञ एरिक शॉपलर यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात ऑटिझम असलेल्यांसाठी उभारलेला टीच (TEACCH) कार्यक्रम १९७२ पासून तिथे राज्यभर याच तत्त्वावर चालत आला आहे. बसायची जागा भिंतीला टेकून, दारापासून लांब. मागे एक शांत कोपरा आणि तिथे जायचं कार्ड. ते कार्ड दाखवलं की वर्गाच्या बाईंनी कारण विचारायचं नाही, एवढा एकच नियम. कार्ड शिक्षा म्हणून किंवा बक्षीस म्हणून वापरायचं नाही, हे विशेष शिक्षिकेने तीनदा बजावलं आणि ते बरोबर होतं.

खरं काम बाईंचं असतं. आधी नाव घ्यायचं, मग एकच सूचना द्यायची, आणि मग थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड. बाई मनात दहापर्यंत मोजायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांना सहाच्या पुढे जाववत नव्हतं, असं त्यांनीच सांगितलं. उत्तर बहुतेक वेळा आठनवाला यायचं. ताईंच्या काळात ते उत्तर कधी ऐकूच आलं नव्हतं, कारण तिसऱ्या अंकाला त्याच्या वतीने कोणीतरी बोललेलं असायचं.

वर्गातली मुलंही शिकली. ब्रिटनमधले संशोधक डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये एक मुद्दा मांडला: न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, फक्त ऑटिस्टिक माणसाच्या बाजूने नाही. मध्ये सतत दुभाषा बसला तर दुसरी बाजू शिकणार कधी? हल्ली पुढच्या बाकावरच्या मुलांना कळतं की तो हात झटकायला लागला म्हणजे खूश आहे, आणि गप्प झाला म्हणजे नाही. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

आता तोटे, आणि ते लहान नाहीत. सुरुवातीचे पाच-सहा आठवडे फार वाईट गेले. तो दोनदा बाकाखाली जाऊन बसला. एकदा गजर वाजवून आग लागल्याची रंगीत तालीम झाली आणि त्याला आधी सांगायचं राहून गेलं. त्यानंतर दोन दिवस तो शाळेच्या फाटकातून आत जाईना. ताई असत्या तर हे टळलं असतं, यात शंका नाही. शिवाय सगळी भिस्त एका बाईंवर. बदली शिक्षक आले की घडी विस्कटते, आणि दर वर्षी नव्या बाईंबरोबर पहिल्यापासून सुरुवात. आम्ही आता एका पानावर त्याची माहिती लिहून ठेवतो: काय आवडतं, काय सहन होत नाही, बिनसलं तर काय करायचं. एकच पान, कारण दुसरं कोणी वाचत नाही.

काही मुलांसाठी मी शॅडो टीचरच सुचवीन, तेही न कचरता. संधी मिळताच रस्त्याकडे धावणारं मूल, स्वतःला इजा करून घेणारं मूल, फिट्सचा त्रास असलेलं, स्वच्छतागृहात मदत लागणारं. तिथे सुरक्षितता आधी, बाकी सगळं नंतर. वर्गात खच्चून मुलं भरलेली असतील आणि बाईंना मान वर करायला फुरसत नसेल, तरीही तेच. पण तेव्हा ताईंची खुर्ची त्याच्या शेजारी नको, वर्गाच्या मागे ठेवा. त्यांनी आजूबाजूच्या चार मुलांनाही मदत करावी. कोणी त्याच्याविषयी काही विचारलं की त्यांनी एवढंच म्हणावं, "त्यालाच विचार." आणि कोणत्या महिन्यात कोणत्या तासाला त्या वर्गाबाहेर थांबणार, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्या. नंतर तो विषय कोणी काढत नाही. आम्हीही काढला नव्हता.

आमच्यापुरतं बोलायचं तर मी परत मागे जाणार नाही. तुमचं मूल वेगळं, तुमची शाळा वेगळी, त्यामुळे माझं ऐकून निर्णय घेऊ नका. फक्त ठरवायच्या आधी मुख्याध्यापकांना नव्हे, वर्गशिक्षिकेला भेटा. विचारा, "तुम्ही त्याचं नाव घेऊन त्यालाच विचाराल का, आणि दहा मोजेपर्यंत थांबाल का?" त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "प्रयत्न करीन, पण मला कोणीतरी दाखवा," तर दुसरी वाट धरून बघा. "त्याच्यासोबत कोण बसणार ते आधी सांगा," असं म्हणाल्या, तर निदान पहिलं वर्ष ताई असू द्या.