पन्हाळा ते पावनखिंड ग्रॅव्हल सायकलवरून: सायकल उत्तम, वाटाड्या त्याहून उत्तम, जाहिरात मात्र फसवी

कोल्हापुरातून चालणाऱ्या एका छोट्या सायकल-सहल सेवेबरोबर पन्हाळा ते पावनखिंड हा प्रवास या हिवाळ्यात एका शनिवार-रविवारी केला. माणशी साडेसहा हजार रुपयांत ग्रॅव्हल सायकल (डांबर आणि खडी-मातीचे रस्ते दोन्हींवर चालणारी), हेल्मेट, वाटाड्या, सामान वाहणारी गाडी, वाडीतला मुक्काम आणि जेवणखाण एवढे मिळते. मत आधीच सांगून टाकतो. या प्रदेशासाठी जशी सायकल हवी तशीच त्यांनी निवडलेली आहे आणि तिच्यासाठी मोजलेले पैसे वसूल होतात. पण ‘बाजीप्रभूंच्या वाटेवरून सायकल सफर’ असे जाहिरातीत जे म्हटले आहे, ते जसेच्या तसे खरे धरून जाणाऱ्याचा विरस होईल.

मूळ वाट सायकलीची नाही, आणि तशी ती असणे शक्यही नव्हते. सिद्दी जौहरचा सुमारे चार महिन्यांचा वेढा चुकवून शिवाजी महाराज जुलै १६६० मध्ये, ऐन आषाढात, रात्रीच्या पावसात पन्हाळ्यावरून निसटले ते पाठलाग करणाऱ्या घोडदळाला अवघड जाईल अशाच बाजूने. गडाच्या राजदिंडी या छोट्या दरवाजातून उतरणारी, म्हाळुंग्याकडून मसाई पठारावर चढणारी आणि पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा वाड्यांना शिवत पांढरेपाण्याकडे जाणारी जी पायवाट आज दरवर्षी पावसाळ्यात शेकडो पदभ्रमण करणारे लोक तुडवतात, तिच्यात दगडी उतार, ओढे आणि भातखाचरांचे बांध पुष्कळ आहेत. सहलीवाल्यांनी म्हणून या वाटेच्या आसपासच्या गाडीवाटा, पाणंदी आणि खडीचे रस्ते जोडून आपला मार्ग बेतला आहे. हे शहाणपणाचेच आहे. ते आधी सांगितले जात नाही, एवढीच तक्रार आहे. राजदिंडीतून सायकलीसह उतरायचे अशा कल्पनेने आलेले आमच्यातले दोघे पहिला तासभर घुश्श्यातच होते.

आता सायकलीविषयी. रेसिंग सायकलसारखे खाली वळलेले, पण टोकांना बाहेर फाकलेले हँडल, ॲल्युमिनियमची चौकट, डिस्क ब्रेक, पुढे एकच दातेरी चक्र आणि मागे अकरा गिअर, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ४० मिलिमीटर रुंदीचे ट्यूबलेस टायर, असा तिचा थाट आहे. कोल्हापूरहून पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंतचे साधारण वीस किलोमीटर डांबरावर ती रोड सायकलच्या फार मागे पडत नाही आणि जाड टायरच्या माउंटन बाईकवर पाय जसे लवकर भरून येतात तसे तिच्यावर येत नाहीत. तिचा खरा कस मात्र मसाई पठारावर लागतो. हे पठार म्हणजे जांभ्या दगडाचा लांबच लांब सपाट सडा आहे. कुठे तो फरशीसारखा गुळगुळीत, कुठे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा, तर कुठे त्याची झीज होऊन लालसर मुरूम पसरलेला. बारीक टायरची सायकल येथे मनगटे खिळखिळी करून टाकील. आमच्या वाटाड्याने पठारावर चढताच प्रत्येकाच्या टायरमधली थोडी हवा स्वतःच्या हाताने दाबून पाहत कमी केली, वजनदार माणसाच्या टायरमधून थोडीच सोडली आणि हलक्या माणसाच्या टायरमधून जास्त, आणि त्यानंतर तीच सायकल दुसरीच वाटावी इतका फरक पडला. पुढच्या डांबरी टप्प्याआधी पंपाने पुन्हा हवा भरून घेण्याचेही तो विसरला नाही. भाड्याच्या सायकलीबाबत एवढी काळजी घेतलेली मी तरी फारशी पाहिलेली नाही.

ट्यूबलेस टायरचे मोल पाणंदीत कळते. कुंपणाच्या बाभळीचे काटे वाटेवर पडलेले असतात आणि ट्यूबच्या टायरला येथे पंक्चर ठरलेले. टायरमधले पातळ रसायन भोक आतून बुजवत असल्याने काटा उपसून चाक दोन-चार वेळा फिरवले की पुढे निघता येते. ब्रेकही चांगले, फक्त केबलवर चालणारे असल्याने लांब उतारावर बोटे दुखतात. गिअरबाबत मात्र माझा आक्षेप आहे. पुढचे चाळीस दातांचे चक्र सपाटीला ठीक आहे, पण म्हाळुंग्याकडून पठारावर येणाऱ्या चढावर, आणि विशेषतः दुसऱ्या दिवशी जंगलातल्या सुट्या खडीच्या चढांवर, ते जड पडते; नियमित सायकल चालवणारेही तेथे उतरून चालत होते. छत्तीस दातांचे चक्र बसवले तर सपाटीवर कोणाचे काही बिघडणार नाही आणि चढावर पुष्कळांची अब्रू वाचेल.

पठाराच्या कडेखाली पांडवदऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तेथे सायकली वर ठेवून चालत जाऊन येण्यासाठी वेळ ठेवलेला आहे आणि तो पुरेसा आहे. पन्हाळ्यासाठी ठेवलेला वेळ मात्र अगदीच तोकडा. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापासूनचा हा किल्ला. युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक. तेथे तीन दरवाजा, अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही प्रचंड धान्यकोठारे आणि अंधारबाव ही विहीर एवढे घाईघाईने उरकून निघावे लागले. निघण्याची वेळ एक तास अलीकडे आणली तर हा प्रश्न सुटेल. वाटेत शिवा काशीद यांच्या समाधीपाशी थांबवतात, ते योग्यच आहे, कारण महाराजांच्या वेशात शत्रूच्या हाती सापडून प्राण देणाऱ्या या माणसाला वगळून पुढची गोष्ट सांगताच येत नाही.

गोष्ट सांगण्यात हा वाटाड्या वाकबगार आहे. तो शाहूवाडी तालुक्यातलाच असल्याने कोणत्या ओढ्याला आषाढात किती पाणी चढते, पालखीचे भोई कोणत्या चढाला खांदा बदलत असतील, हे तो बसल्या जागेवरून बोट दाखवून सांगतो. त्याची दुसरी एक गोष्ट मला फार आवडली. कागदपत्रांतून काय कळते, लोकांच्या सांगण्यात काय आहे आणि पोवाड्यांतून काय आले आहे, हे तो वेगवेगळे ठेवतो, आणि महाराज विशाळगडावर पोहोचल्याच्या इशाऱ्याच्या तोफांचा आवाज खिंडीत पोहोचला का असे कोणी विचारले तर छाती फुगवून उत्तर देण्याऐवजी विशाळगड केवढा लांब आहे ते दाखवून गप्प बसतो. बाजीप्रभू आणि बांदलांच्या पराक्रमाला त्यामुळे काही उणेपणा येत नाही.

मुक्काम एका वाडीतल्या घराच्या सोप्यात असतो. अंथरूण-पांघरूण स्वच्छ होते आणि जेवणाला नाचणीची भाकरी, झुणका, ठेचा आणि दही. घरच्या आजींनी सायकलीचा टायर दाबून पाहिला आणि “एवढं पैसं देऊन वर पॅडलबी तुम्हीच मारायचं व्हय?” असे विचारले, त्याला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. शौचालय एकच असल्याने सकाळी रांग लागते.

दुसऱ्या दिवसाचा जंगलाचा टप्पा या सहलीतला सर्वांत देखणा आहे. करवंदांच्या जाळ्या, उंच झाडांची सावली आणि पानांखाली दडलेली खडी. गव्यांचा वावर असल्याने उजाडण्याआधी निघू देत नाहीत आणि अंधार पडायच्या आत डांबरी रस्त्यावर आणून सोडतात. नेमका याच टप्प्यात सेवेतला मोठा दोष उघडा पडला. आमच्यातल्या एकाच्या मागच्या टायरची बाजूची भिंत धारदार दगडाने फाटली. अशा ठिकाणी आतले रसायन उपयोगी पडत नाही. वाटाड्याने फाटलेल्या जागी आतून ठिगळ लावून ट्यूब घालायचे ठरवले, तेव्हा त्याच्या पिशवीतली ट्यूब माउंटन बाईकची, म्हणजे या टायरसाठी फार जाड निघाली, आणि योग्य मापाची ट्यूब असलेली गाडी डोंगराला वळसा घालून डांबरी रस्त्यावर पोहोचलेली होती. फोनला रेंज नाही. शेवटी वाटाड्याने आपले चाक काढून त्या सायकलीला लावले आणि स्वतः बरेच अंतर सायकल ढकलत चालला. माणूस भला म्हणून निभावले, पण प्रत्येकाच्या सायकलीला योग्य मापाची एक ट्यूब बांधून देण्यास सेवेला कितीसा खर्च येणार आहे?

पावनखिंडीपाशी सायकली वर ठेवून लोखंडी जिन्याने खाली उतरावे लागते. हिवाळ्यात ओढा बारीक झालेला असतो, त्यामुळे पावसाळ्यातले तिचे रूप येथे दिसणार नाही. सहल येथेच संपते आणि गाडी मलकापूरमार्गे कोल्हापुरास परत आणते. विशाळगड कार्यक्रमात नाही.

पावसाळ्यातही ही सहल आता सुरू करण्याचा त्यांचा विचार असल्याचे कळले. त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. जांभ्यावर शेवाळ धरले की तो काचेसारखा निसरडा होतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या सड्यावरच्या वीतभर मातीत जी बारीक फुले उगवतात त्यांच्यावरून टायर फिरवायला कोणालाही मुभा नसावी. मसाई पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य. तेव्हाही मळलेल्या गाडीवाटेवरूनच जाण्याचा या वाटाड्याचा दंडक असतो, तो पाळावा.

सलग तीन-चार तास सायकल चालवण्याची सवय असलेल्यांनी ही सहल खुशाल करावी. ज्यांची स्वतःची ग्रॅव्हल सायकल आहे त्यांना भाड्याची रक्कम वजा करून मिळते, पण विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत, तेव्हा नोंदणी करतानाच विचारावे. नव्याने सायकल चालवू लागलेल्यांनी फक्त पहिला दिवस, मसाई पठारापर्यंतचा, करता येईल का ते पाहावे; तशी सोय सध्या नाही, परंतु पाच-सहा जण मिळून गेल्यास ते तयार होतात. आणि निघताना आपल्या टायरच्या मापाची एक ट्यूब स्वतःच्या खिशात टाकावी.