रिलेटिव्हिटीचं गणित एकट्यानं शिकणं: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपली त्या आठवड्यात जनरल रिलेटिव्हिटी, म्हणजे आइन्स्टाईनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, शिकायला सुरवात केली होती, आता डिसेंबर चालू आहे. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनचं काम बघतो, बीएस्सी मॅथ्स करून अठरा वर्षं झाली, त्यानंतर पुस्तक उघडलं नव्हतं. रोज पहाटे पाच ते साडेसहा आणि रविवारी तीन तास, एवढाच वेळ. बुध ग्रहाची लांबट कक्षा शंभर वर्षांत न्यूटनच्या हिशोबापेक्षा 43 आर्कसेकंद (अंशाचा 3600 वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) जास्त फिरते, त्याचं गणित स्वतःच्या हातानं पूर्ण सोडवायचं असं ठरवलं होतं, ते ऑक्टोबरमध्ये जमलं. या वाटेला लागताना मला कोणी सांगायला पाहिजे होतं ते सगळं इथं लिहितोय.

पहिले दोन महिने वाया गेले, आणि ते व्हिडिओमुळं गेले. एक पेड कोर्स घेतला होता, नाव घेत नाही, साडेचार हजार गेले. त्याच्यात सर छान शिकवायचे, बघताना सगळं कळतंय असं वाटायचं, पण सोडवायला एकही गणित नव्हतं, आणि मार्चमध्ये कोरा कागद घेऊन बसलो तर साधं पोलर कोऑर्डिनेट्सचं (केंद्रापासूनचं अंतर आणि कोन) मेट्रिक, म्हणजे अंतर काढायचं सूत्र, लिहिता येईना. त्या दिवशी व्हिडिओ बंद केले. शॉन कॅरोल यांनी 1997 मध्ये इंटरनेटवर मोफत ठेवलेल्या लेक्चर नोट्स आहेत, आठ प्रकरणांच्या, त्याची प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग केलं आणि तिथून खरं शिक्षण सुरू झालं. त्या सोप्या नाहीत, आधीच सांगतो. दुसऱ्या प्रकरणातल्या मॅनिफोल्डच्या (जवळून बघितलं तर सपाट वाटणाऱ्या जागेच्या) व्याख्येपाशी मी तीन आठवडे होतो. पण पानावर लिहिलेली ओळ आपल्यासाठी थांबते, परत परत वाचता येते, समास ठेवलेला असतो.

सगळ्यात मोठी अडचण इंडेक्सची, म्हणजे सूत्रातल्या अक्षराच्या वर किंवा खाली लिहिलेल्या छोट्या खुणेची. वरचा इंडेक्स, खालचा इंडेक्स, हे दोन वेगळे का, हे बऱ्याच ठिकाणी नुसता नियम म्हणून सांगतात आणि पुढं जातात. मला ते कारखान्यात कळलं. समजा कापडावर जागा दाखवायची तर आम्ही इंच सांगत नाही, ताण्याचा कितवा धागा आणि बाण्याचा कितवा धागा असं सांगतो. हेच कोऑर्डिनेट्स. आता रीड 24 आणि पिक 18 धरा, म्हणजे इंचाला ताण्याचे 24 धागे आणि बाण्याचे 18. आडवं 72 धागे गेलो आणि उभं पण 72 धागे गेलो, आकडा एकच, पण आडवे झाले 3 इंच आणि उभे झाले 4 इंच, आणि कर्ण 5 इंच. धाग्यांच्या आकड्यावरून इंच काढायला मधे जे लागतं, एक भागिले 24 चा वर्ग आणि एक भागिले 18 चा वर्ग, तेच मेट्रिक. कापड तिरकं ओढलं गेलं आणि ताणा-बाणा काटकोनात राहिला नाही तर त्याच्यात ताणा गुणिले बाणा अशी तिसरी टर्म येते, मेट्रिकमधली कर्णाबाहेरची टर्म ती हीच.

आणि वरखालचं असं, की रीड 24 चं 48 केलं तर त्याच 3 इंचात 72 ऐवजी 144 धागे बसतात, म्हणजे अंतराचा आकडा दुप्पट झाला. पण शेडिंगच्या डिझाइनमध्ये एका धाग्यामागे रंग जितका बदलतो तो आकडा निम्मा झाला. दोघांचा गुणाकार मात्र तोच, कारण कापडावरचा रंग काही बदलला नाही. पहिला आकडा वरच्या इंडेक्सवाला, दुसरा खालच्या इंडेक्सवाला. हे लक्षात आलं त्या दुपारी मी जेवणाच्या सुट्टीत डिझाइनच्या ग्राफपेपरवरच दीड पान लिहून काढलं, आणि त्यानंतर इंडेक्सची भीती गेली ती गेलीच.

दुसरी गोष्ट, चार मितींमध्ये एकदम उडी मारू नका. चार मितींमध्ये क्रिस्टोफेल सिंबॉल (कोऑर्डिनेट्सच्या दिशा जागेगणिक कशा बदलतात ते सांगणारे आकडे) 40 असतात, रीमान टेन्सरचे (वक्रता सांगणाऱ्या आकड्यांचे) स्वतंत्र घटक 20, एवढा पसारा बघून माणूस सोडून देतो. मी एप्रिल-मे पूर्ण गोलाच्या पृष्ठभागावर घालवले, दोनच मिती. तिथं शून्य नसलेले क्रिस्टोफेल मोजून दोनच वेगळे निघतात. गच्चीवर पहाटे त्यातल्या त्यात गार असायचं, तिथं बसून आपल्याच गावाचं गणित केलं. सोलापूर साधारण 17.66 अंश उत्तर अक्षांशावर आहे. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे 111 किलोमीटर, आपल्याकडं तोच एक अंश 106 किलोमीटर भरतो. रेखांशाचा आकडा तेवढाच, अंतर वेगळं, म्हणजे परत मेट्रिकच. मग पॅरलल ट्रान्सपोर्ट केलं. सोलापुरातून एक बाण घेऊन निघायचं, अक्षांश न सोडता पूर्ण पृथ्वीला फेरी मारायची, वाटेत बाण स्वतःहून कुठं वळवायचा नाही. परत सिद्धेश्वर तलावाच्या काठावर आलो की बाण मूळ दिशेपासून 109 अंशांच्या आसपास फिरलेला असतो. विषुववृत्तावरून हीच फेरी मारली तर बाण अजिबात फिरत नाही, कारण ते जिओडेसिक, म्हणजे वक्र पृष्ठभागावरची सरळ रेषा, आहे, आपला अक्षांश नाही. 109 चं उत्तर वहीत आलं तेव्हा मी बायकोला उठवून दाखवलं, तिनं खरंच बसून ऐकलं. वक्रता म्हणजे काय हे मला कुठल्याही चित्रापेक्षा त्या एका आकड्यानं जास्त शिकवलं.

याच्या उलट पण एकदा करून बघा. सपाट कागदावर पोलर कोऑर्डिनेट्स घेतले तरी क्रिस्टोफेल शून्य येत नाहीत, रीमान मात्र शून्य येतो. चादरीची गुंडाळी केली तरी तिचा पृष्ठभाग या अर्थानं सपाटच, पण तीच चादर चेंडूवर चढवायला गेलात की चुण्या पडतात.

एक सावधगिरीची सूचना, दोन पुस्तकं मिसळून वापरू नका. मेट्रिकमध्ये कोणी वेळेच्या टर्मला मायनस आणि जागेच्या तिन्ही टर्मना प्लस घेतं, कोणी उलटं, रीमानची चिन्हं पण वेगळी असतात. माझे पावसाळ्यातले पंधरा दिवस एका मायनसपायी गेले. वहीच्या पहिल्या पानावर आपली पद्धत लिहून ठेवायची आणि दुसरीकडचं सूत्र आधी त्यात बदलून घ्यायचं.

एकट्यानं म्हटलं तरी एक माणूस लागतोच. आइन्स्टाईनला पण 1912 मध्ये झुरिकला मार्सेल ग्रोसमन या वर्गमित्राकडं जावं लागलं, रीमानची भूमिती त्यानं दाखवली. मला फिजिक्सचे एक रिटायर्ड सर भेटले, विजापूर रोडला राहतात, महिन्यातून एक रविवार. ते उत्तर सांगत नाहीत, "ही ओळ कुठून आली?" एवढंच विचारतात, आणि त्या एका प्रश्नात माझी अर्धी वही परत तपासून होते. त्यांच्याकडूनच कळलं की वि. वा. नारळीकर मूळ कोल्हापूरचे, बनारसला रिलेटिव्हिटी शिकवायचे आणि प्र. चु. वैद्यांनी 1943 मध्ये प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याचं आपलं सोल्युशन त्यांच्याकडंच काम करून काढलं. हा विषय आपल्याकडं शाई आणि कागदावर एवढ्या आधीपासून होत होता हे ऐकून लई बरं वाटलं.

श्वार्झशिल्डचं सोल्युशन, म्हणजे गोल ताऱ्याबाहेरचं मेट्रिक, सप्टेंबरमध्ये पूर्ण हातानं काढलं. गोल सिमेट्री आणि वेळेनुसार न बदलणारं मेट्रिक धरलं की 40 पैकी फक्त 9 क्रिस्टोफेल उरतात, दोन दिवसांचं काम. मग बुध. दर फेरीला सुमारे 0.1035 आर्कसेकंद, शंभर वर्षांत 415 फेऱ्या. माझं पहिलं उत्तर 41 आलं. चार दिवस शोधलं, आणि कक्षेच्या लांबटपणाची टर्म, एक वजा ई वर्ग, छेदात घ्यायची राहिली होती. ती घातली आणि 43 आलं. जीपीएसचं त्यामानानं लवकर झालं, उपग्रहावरचं घड्याळ गुरुत्वामुळं रोज 45 मायक्रोसेकंद पुढं आणि वेगामुळं 7 मागं, म्हणजे 38 पुढं.

ज्यांना पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि मॅट्रिक्स हातानं करता येतात त्यांनी बिनधास्त सुरू करावं, रोजचा दीड तास धरला तर वर्ष लागतं. ते विसरलं असेल तर आधी तीन महिने तेच करा, मी नाही केलं आणि मला ते मधेच थांबून करावं लागलं. खर्च म्हणाल तर प्रिंट आणि 200 पानी सात वह्या, त्या कोर्सचे पैसे सोडून.

आता गुरुत्वीय लहरींचं प्रकरण चालू आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ या लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होणार आहे, तिथं 4 किलोमीटरच्या भुजेत प्रोटॉनपेक्षाही कितीतरी लहान फरक कसा मोजणार हे मला गणितातून बघायचंय. सध्या लहरींच्या दोन पोलरायझेशनपाशी (ताणण्या-आकसण्याच्या दोन तऱ्हा) आहे, मेट्रिकच्या दहा घटकांतून दोनच का उरतात ते अजून वहीत उतरलेलं नाही, या रविवारी सरांकडं तेच घेऊन जाणार आहे.