शब्दांविना सत्तर मिनिटे: इंदूरमधील एका मूकविनोदी प्रयोगाचे परीक्षण

इंदूरच्या मराठी प्रेक्षकाला नाटक नवे नाही. रवींद्र नाट्यगृहात किंवा सानंद न्यास या स्थानिक संस्थेच्या सभासदांसाठी मुंबई-पुण्याची नाटके येथे नियमितपणे येतात आणि ती पाहायला घरातील दोन पिढ्या हौसेने जातात. तिसरी पिढी मात्र बहुधा घरीच राहते, कारण शाळेत हिंदी-इंग्रजीत वावरणाऱ्या नातवंडांना स्वयंपाकघरातले मराठी समजत असले, तरी रंगमंचावरून भरभर येणाऱ्या कोट्या, म्हणी आणि पुणेरी टोमणे त्यांच्या डोक्यावरून जातात, आणि आजूबाजूची सगळी माणसे हसत असताना आपण गप्प बसून राहणे कोणत्याही मुलाला आवडत नाही. शहरातील एका लहानशा सभागृहात नुकत्याच झालेल्या एकपात्री मूकविनोदाच्या प्रयोगाला आजी-आजोबांपासून बालवाडीतल्या मुलांपर्यंत सगळे एकत्र आलेले दिसले, ते यामुळेच असावे. प्रयोग सुमारे सत्तर मिनिटांचा, मध्यंतराविना, आणि त्यात कलाकार एकही शब्द उच्चारत नाही. पण शब्द नाहीत एवढ्याने कोणताही प्रयोग चांगला ठरत नाही. हा प्रयोग जिथे रंगतो तिथे प्रत्येक गमतीचे कारण आणि परिणाम दोन्ही आपल्या डोळ्यांदेखत घडतात, आणि जिथे तो पडतो तिथे कलाकाराने नेमकी हीच शिस्त सोडलेली असते.

मूकाभिनय म्हटले की पांढरा रंगवलेला चेहरा, पट्ट्यापट्ट्यांचा सदरा आणि हवेत चाचपली जाणारी अदृश्य भिंत डोळ्यांसमोर येते. ही प्रतिमा मुख्यतः फ्रान्सच्या मार्सेल मार्सो यांची. १९४७ मध्ये त्यांनी ‘बिप’ हे पात्र उभे केले आणि समोर नसलेला वारा, नसलेली भिंत केवळ शरीराच्या ताणातून दिसू शकते हे जगभर फिरून दाखवले. आपल्या प्रयोगातील कलाकाराचे घराणे वेगळे आहे. तो मूकपटांतले विनोदी नट चार्ली चॅप्लिन आणि बस्टर कीटन यांच्या वाटेने जाणारा आहे, म्हणजे त्याच्याभोवतीच्या वस्तू खऱ्या असतात आणि विनोद जन्मतो तो त्या वस्तूंशी होणाऱ्या भांडणातून. ढगळ तपकिरी कोट, घोट्याच्या वर संपणारी विजार, एक शिडी, एक लटकता दिवा, एक टेबल, एक जुनी सुटकेस. चेहऱ्यावर रंग नाही, नाकावर लाल गोळा नाही. टाकाऊ वस्तूंमध्ये चेहरे आणि आकार शोधणारे विष्णू चिंचाळकर गुरुजी ज्या शहरात राहिले, तेथील प्रेक्षकाला साध्या वस्तूकडे इतक्या निरखून पाहण्याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागू नये.

पहिला प्रवेश केवळ एका सुटलेल्या दोऱ्याचा आहे आणि संपूर्ण प्रयोगात तोच सर्वांत सरस आहे. कलाकार येतो, वाकून नमस्कार करतो आणि तेवढ्यात त्याला कोटाच्या बाहीतून डोकावणारा पांढरा दोरा दिसतो. तो ओढतो. दोरा वाढतो. तो दुसऱ्या हाताने ओढतो, मग प्रेक्षकांकडे ओशाळे हसून पाठ फिरवतो आणि पुन्हा ओढतो. वीतभर, हातभर, मग रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाण्याइतका तो दोरा निघत राहतो. मागे मुख्य पडद्याची खालची किनार किंचित हललेली असते. ती आधी मुलांनी पाहिली, मोठ्यांनी नंतर, कारण मोठी माणसे चेहऱ्याकडे पाहतात आणि मुले सगळीकडे पाहतात. ‘पीछे देखो, पीछे!’ असा ओरडा सुरू झाला (इंदूरच्या सभागृहात घाई झाली की मराठी घरातील मुलांच्याही तोंडी हिंदीच येते), आणि कलाकाराने वळून पाहिले ते नेमके पडदा थांबल्यानंतर. पुढे जे होते ते सांगत नाही. मात्र पडदा हलणे, थांबणे आणि पुन्हा हलणे यांमधील विराम प्रत्येक वेळी थोडा अधिक लांबवण्याचे जे धैर्य या माणसाने दाखवले, ते आपल्या पुष्कळ बोलक्या नटांकडे नाही. हशा येत नाही असे वाटताच पुढचे वाक्य टाकण्याची सोय त्यांना असते. याला ती सोय नाही, म्हणून तो थांबतो, आणि थांबण्यातूनच हशा मिळवतो.

भरताने नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक (शरीराचा), वाचिक (शब्दांचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (आतून उमटणाऱ्या भावांचा) असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील वाचिक वजा केला की सगळा भार अंगविक्षेपांवर येतो अशी आपली समजूत असते आणि त्यामुळे हौशी मूकाभिनयात हातवारे वाढत जातात. प्रत्येक गोष्ट खुणेने सांगितली जाते, म्हणजे शब्दांचेच भाषांतर हातांनी केले जाते. या कलाकाराने ते टाळले आहे. शिडीच्या प्रवेशात तो वरच्या पायरीवर पोहोचतो तेव्हा भीती दाखवण्यासाठी डोळे विस्फारत नाही की छातीवर हात ठेवत नाही. त्याचा फक्त एक गुडघा थरथरू लागतो, तो त्या गुडघ्याकडे परक्याच्या वस्तूकडे पाहावे तसा पाहतो, त्यावर हात ठेवून तो थांबवतो, आणि मग दुसरा सुरू होतो. कंप हा भरताच्या आठ सात्त्विक भावांपैकी एक आहे, आणि येथे तो भाव तर उमटतोच, शिवाय त्याची थट्टाही होते.

या प्रवेशाची रचना जुनीच आहे. दिवा विझतो, माणूस शिडीवर चढतो, हात लावताच दिवा लागतो. खाली उतरतो, दिवा विझतो. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा प्रेक्षक तयार असतो, आणि त्या तयारीलाच धक्का द्यायचा असतो. पहिल्या वेळी नियम कळतो, दुसऱ्या वेळी तो पक्का होतो आणि तिसऱ्या वेळी मोडतो, ही तीनची पायरी सर्कशीतल्या विदूषकापासून मूकपटांपर्यंत सर्वत्र आढळते. या कलाकाराने मात्र तिसऱ्या वेळीही नियम मोडला नाही, चौथ्या वेळीही नाही, आणि सभागृहाचा धीर सुटू लागला तेव्हा कुठे एक वेगळाच दिवा लागला. ही जोखीम होती आणि ती फळली.

पडण्याविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न तोच असेल. कलाकार शिडीवरून, टेबलावरून आणि एकदा उभ्या उभ्या आडवा पडतो. यातली प्रत्येक पडझड नीट बसवलेली आहे. शरीराचे वजन गुडघा, मांडी, कुल्ला आणि खांदा अशा क्रमाने जमिनीला दिले जाते, डोके शेवटपर्यंत वर राहते, आणि जो ‘धप्प’ आवाज आपल्याला दचकवतो तो बहुतेक वेळा मोकळ्या तळहाताने जमिनीवर मारलेल्या थापेचा असतो. बस्टर कीटन लहानपणापासून आईवडिलांबरोबर रंगमंचावर अशाच आपटाआपटीच्या खेळांत काम करीत मोठे झाले आणि १९२८ च्या मूकपटात त्यांच्या अंगावर खऱ्या घराची दर्शनी भिंत कोसळते, ते उघड्या खिडकीच्या जागी उभे असल्यामुळे वाचतात. तिथेही सगळा खेळ जागेच्या मोजमापाचा होता. शिडीवरून पडल्यावर पुढच्या रांगेतील एक लहान मूल रडू लागले, तेव्हा कलाकाराने प्रवेश न थांबवता उठून गुडघा झटकला, त्या मुलाकडे पाहून गुडघा दोनदा वाकवून दाखवला आणि मगच पुढे गेला. अनुभवी माणसाचे हे लक्षण आहे. घरी गेल्यावर मुले सोफ्यावरून हे करून पाहणार, हे गृहीत धरून पालकांनी आधीच उशा काढून ठेवाव्यात.

आता तक्रारी. पहिली तक्रार कलाकाराविषयी नसून आपल्या प्रेक्षकांविषयी आहे. रंगमंचावर एकही शब्द नसताना सभागृहात शब्दांची कमतरता मुळीच नव्हती, कारण निम्मे पालक आपल्या पाल्याच्या कानाशी अखंड समालोचन करीत होते: आता तो पडणार बरं का, बघ, दोरा बघ, दिवा गेला. मुलाला स्वतः पाहून कळण्याचा जो आनंद मिळायचा, तो त्याच्या आधीच हिरावून घेतला जात होता. नाट्यशास्त्रात हसण्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले असून पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या आणि शेवटचे दोन अधम प्रकृतीच्या माणसांचे मानले आहेत. त्या हिशेबाने आमच्या रांगेतील आजोबा स्मितावर थांबले होते आणि नातवंडे सरळ अतिहसितावर पोहोचली होती, तरी प्रयोग अधिक चांगला पाहिला तो नातवंडांनीच.

खरी तक्रार उत्तरार्धाविषयी आहे. साधारण पंचेचाळिसाव्या मिनिटानंतर ध्वनिमुद्रित संगीताचा आवाज चढतो आणि प्रयोग शब्दांऐवजी ध्वनीवर रेलू लागतो. मोबाइल फोनचा प्रवेश तर पूर्णपणे घंटीच्या आवाजावर उभा आहे: खिशात वाजते, सुटकेसमध्ये वाजते, प्रेक्षकांत वाजते. माणूस फोनच्या मागे धावतो हे दृश्य आता इतके ओळखीचे झाले आहे की त्यात पुढे काय होणार हे मुलांनाही आधीच ठाऊक असते. शिवाय जाहिरातीत हा प्रयोग सर्व भाषांच्या आणि ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठीही असल्याचे म्हटले होते. प्रयोगाच्या पहिल्या भागाबाबत ते अगदी खरे आहे, कारण दोरा, दिवा आणि गुडघा यांतील एकही गंमत कानांवर अवलंबून नाही. परंतु घंटीच्या प्रवेशात बहिऱ्या मुलाला एक माणूस उगाच इकडेतिकडे पळताना दिसेल, त्यापलीकडे काही नाही. फोन उजळला, थरथरत टेबलावरून सरकू लागला, एवढे जरी दाखवले असते तरी हा प्रवेश सगळ्यांचा झाला असता. ज्याने दोऱ्यातून पडदा हलवला त्याला हे सुचू नये, याचे नवल वाटते.

फुग्यांचा आणि चेंडू झेलण्याचा भाग ठीक आहे, त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. प्रेक्षकांतील एका मुलीला रंगमंचावर बोलावण्याचा प्रवेश मात्र काळजीपूर्वक केला होता. कलाकाराने हात धरून ओढले नाही, दुरून खुर्ची दाखवली आणि ती स्वतः उठून येईपर्यंत वाट पाहिली, आणि गंमत होत राहिली ती सतत त्याची, तिची एकदाही नाही. लहान मुलांना वर बोलावून त्यांच्या गोंधळावर हशा वसूल करणारे सूत्रसंचालक या शहरात पुष्कळ आहेत, त्यांनी हा प्रवेश पाहायला हरकत नाही.

चार वर्षांखालील मुलांना सुरुवातीचा काळोख आणि पडण्याचे आवाज जड जातील. पाच ते बारा हे वय सर्वांत योग्य, आणि त्यापुढची मुले सोबत धाकटे भावंड असेल तरच मोकळेपणाने हसतील. तिकिटाचा दर कुटुंबाच्या मानाने वाजवी आहे, मात्र आयोजकांनी प्रयोग सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे लोकांना आत सोडले, आणि विरामांवर चालणाऱ्या प्रयोगात दाराचा प्रकाश व चपलांचा आवाज यांनी दोऱ्याच्या प्रवेशातील दोन चांगले विराम वाया गेले. पुढच्या खेळांसाठी तिकीट काढणाऱ्यांनी उजव्या टोकाच्या खुर्च्या टाळाव्यात. शिडी रंगमंचाच्या उजव्या कडेला, थोडी मागे लावलेली असते, आणि त्या खुर्च्यांवरून दिव्याचा जवळजवळ सगळा खेळ विंगेच्या आड जातो.